जेवणात न धरलेली प्लेट

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा एक माणूस असतो की ज्याला डॉक्टरांनी काहीतरी खायचे बंद केलेले असते. तो जेवायला बसला की घरातली माणसे त्याच्या पानाकडे बघत नाहीत असे दाखवतात, आणि बघत असतात. वाल्मिक घरत हे असे गृहस्थ होते. त्यांना भात बंद होता.

भात बंद होणे ही गोष्ट सगळ्याच वाचकांना मोठी वाटेल असे नाही. पण वाल्मिकरावांचे गाव केळवलीजवळ, कर्जतहून खोपोलीकडे जाणाऱ्या रेल्वेच्या फाट्यावर. गावाच्या चारही बाजूंना भातखाचरे. त्या मुलखात 'जेवलास का' असे विचारतात तेव्हा भात खाल्लास का, एवढेच विचारायचे असते. सकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्या तरी ती न्याहारी. लग्नात लाडू झाले, वडे झाले, तरी माणसे पानावर बसून राहतात, कारण जेवण अजून यायचे असते. अशा घरात ऐन दिवाळीच्या दिवसांत, नवा तांदूळ कांडून आला असताना, घरच्या कर्त्या माणसाने भाताला हात लावायचा नाही म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच कळेल.

वाल्मिकराव खोपोलीच्या एका तारेच्या कारखान्यात कारकून होते. माल घ्यायला येणारे व्यापारी आणि माल तपासायला येणारे साहेब यांची ऊठबस करणे हे त्यांचे काम. पन्नाशी जवळ आली होती, शरीर चांगलेच सुटले होते. त्या वर्षी आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत रोपांचे भारे उचलताना उजव्या जांघेत काहीतरी तुटल्यासारखे झाले आणि तिथे लिंबाएवढा फुगा दिसू लागला. कर्जतच्या डॉक्टर टिपणिसांनी तपासले आणि हर्निया म्हणून सांगितले. ऑपरेशन करायला हवे होते. पण लघवीत साखर सापडली, आणि वजन तर समोर दिसतच होते.

"एवढ्या चरबीत आणि एवढ्या साखरेत मी सुरी लावणार नाही," डॉक्टर म्हणाले. "जखम भरायची नाही. आधी दोन्ही खाली आणा. तोवर पट्टा बांधा, घट्ट. आतडं त्या भोकात अडकलं तर मात्र मला आहे तसं कापावं लागेल, आणि मग मी कसलीच हमी देणार नाही."

मग ते म्हणाले, भात बंद करा. गोळ्या लिहून दिल्या. बाहेर बाकावर माणसे खोळंबली होती. डॉक्टरांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

वाल्मिकरावांनी भात बंद केला. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांच्यावर जो संशय आला तो खरा नव्हता. त्यांनी एकदाही चोरून खाल्ला नाही. रात्री त्यांची बायको बायजाबाई त्यांना नाचणीची भाकरी आणि भाजी वाढत. ते हात धुऊन बाहेरच्या ओट्यावर गेले, की मग त्या चुलीवरच्या भाताचे झाकण काढत. वास बाहेर जाऊ नये म्हणून मधले दार लोटून घेत. ओट्यावर वाल्मिकरावांना वास यायचाच. त्या घरातली संध्याकाळ आजारी माणसाच्या खोलीसारखी झाली होती. बायजाबाईंनाही घास गोड लागेनासा झाला होता.

दिवाळीनंतर दोघे पुन्हा कर्जतला गेली. कंपाउंडरने निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळे राहिले तर उत्तम, हिरवे झाले तर बरे, असे वाल्मिकरावांना मागच्या वेळी समजले होते. नळीतले पाणी हिरवे झाले, पिवळे झाले, आणि तिथे न थांबता भाजलेल्या विटेसारखे तांबडे झाले. काट्यावरही वजन वाढलेले निघाले.

डॉक्टर म्हणाले, "भात खाताय तुम्ही."

वाल्मिकराव नाही म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात," डॉक्टर म्हणाले. ते रागावले नव्हते. थकले होते. सकाळपासून असली किती उत्तरे त्यांनी ऐकली असतील कोण जाणे. तरी त्यांनी विचारले, की दुपारी काय जेवता.

"दुपारी जेवतच नाही साहेब. पाहुणे असतात कारखान्याचे. त्यांच्याबरोबर हॉटेलात थोडं विलायती खातो. भात नसतो त्यात."

डॉक्टरांनी मान हलवली, गोळ्या वाढवल्या. पोटात कळ येऊन उलटी झाली तर त्याच तासाला इथे यायचे, उद्यावर टाकायचे नाही, एवढे दोनदा बजावले आणि नाव घेऊन पुढच्या माणसाला बोलावले.

पडद्यापलीकडे बायजाबाई बसल्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते.

दोघे स्टेशनवर येऊन गाडीची वाट पाहत बसली. वाल्मिकरावांना आजारापेक्षा अपमान लागला होता. ज्याने चोरी केली नाही त्याला चोर म्हटले, आणि नळीने साक्षही दिली. शेवटी ते बायजाबाईंना म्हणाले, की तुझाही विश्वास नसेल तर सांग.

"माझा हाय," बायजाबाई म्हणाल्या. "पर ती नळी काय तुमची वैरीण नाय. आज मी केळवलीला उतरत नाय. तुमच्यासंगं खोपोलीला येते. दुपारी काय खाता ते मला बघायचंय."

वाल्मिकरावांना हे अवघड वाटले. गावातल्या बायका हॉटेलात जात नसत, आणि खोपोलीच्या शिळफाट्यावरच्या त्या हॉटेलात तर नाहीच. पण वाद घालण्याचे त्राण त्यांच्यात उरले नव्हते.

त्या हॉटेलाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर आमच्या भागात असे काही होते हे वाचकांना खरे वाटणार नाही. कारखान्याची यंत्रे इटलीहून आली होती. ती बसवायला तिकडचे फिटर आले आणि पावसाळे-उन्हाळे काढून गेस्ट हाऊसवर राहिले. त्यांचा स्वयंपाक गोमा नावाचा आचारी आणि त्याची बायको मोतीबाई करीत. पाहुण्यांनी आपले पदार्थ त्यांना शिकवले. पुढे फिटर गेले, आणि या नवराबायकोने शिळफाट्याला हमरस्त्यावर स्वतःचे हॉटेल काढले. पाटीवर 'इटालियन भोजनगृह' असे लिहिले होते. लोक त्याला शेवयांचे हॉटेल म्हणत. मुंबई-पुण्याच्या मोटारी तिथे थांबू लागल्या. कारखान्याचे पाहुणे तर ठरलेलेच. गोमा मध्यंतरी वारला. आता गल्ल्यावर मोतीबाई बसत आणि स्वयंपाकावरही नजर ठेवत.

बायजाबाई खुर्चीच्या कडेला पदर सावरून बसल्या. वाल्मिकरावांनी काही मागवलेच नाही. नागू नावाचा वाढपी त्यांना बघून हसला आणि आत गेला. आधी आला लोण्यात बुडवून भाजलेला लसणीचा पाव. वाल्मिकराव बोलता बोलता त्याचे तुकडे तोंडात टाकू लागले. मग आली मोठी पसरट प्लेट. जाड शेवयांचा ढीग, त्यावर मैद्याचा आणि दुधाचा पांढरा दाट रस, वरून डब्यातले चीज किसून घातलेले आणि त्या सगळ्याच्या डोक्यावर विरघळणारा लोण्याचा गोळा. बाजूला तळलेली दोन कटलेट. शेवटी कॅरमलचे कस्टर्ड येणार, असे नागूने न विचारता सांगितले.

बायजाबाई खात नव्हत्या, बघत होत्या. अर्धी प्लेट संपली तेव्हा वाल्मिकरावांचा डावा हात टेबलाखाली गेला. सदऱ्याखाली हर्नियाचा पट्टा होता. त्यांनी तो सवयीने एक भोक सैल केला आणि पुन्हा खायला सुरुवात केली. आपण काय केले हे त्यांच्या ध्यानातही आले नाही.

"हे रोज?" बायजाबाईंनी विचारले.

"पाहुणे असले की."

"पाहुने कवा नसतात?"

वाल्मिकराव आठवू लागले. त्यांना पटकन सांगता येईना.

"आन् घरी येऊन मला सांगता, दुपारी जेवलो नाय."

"नाहीच जेवलो. भात कुठं होता त्यात?"

हे ते अगदी सरळ मनाने म्हणाले. आणि म्हणून झाल्यावर त्यांचे वाक्य त्यांनाच ऐकू आले. समोर जवळजवळ रिकामी झालेली प्लेट होती. बायजाबाईंना आधी हसू आले. मग त्यांचे तोंड उतरले.

"मी घरात भात शिजवताना दार लोटते," त्या हळूच म्हणाल्या. "तुमाला वास नको म्हनून. पोरं इचारतात, आयं, कोन मेलं का गं आपल्यात. आन् हितं तुमी पट्टा ढिला करून बसता."

वाल्मिकरावांनी काटा खाली ठेवला. असली वेळ माणसावर येते तेव्हा तो लबाड असतोच असे नाही, असे मला वाटते. वाल्मिकराव लबाड नव्हते. त्यांनी आपल्या खाण्याचे लहानपणीच दोन भाग केले होते. भाताचे ते जेवण, बाकीचे तोंडात टाकणे. डॉक्टरांनी जेवण बंद केले, ते त्यांनी बंद केले. तोंडात टाकण्याबद्दल कोणी काही म्हटलेच नव्हते.

गल्ल्यावरून मोतीबाई उठून आल्या. वहिनी पहिल्यांदाच आल्या आणि काही खात नाहीत, हे त्यांनी पाहिले होते. त्यांनी मेनूचा पुठ्ठा पुढे केला. बायजाबाईंनी तो बाजूला सारला आणि विचारले, की बाय, तुमी काय जेवता? मोतीबाई म्हणाल्या, माझे काय, मी आत उभ्याउभ्या काहीतरी खाते. बायजाबाई म्हणाल्या, तेच आना मला, आणि भात बंद झाला, साखरेपायी ऑपरेशन अडले, ते सगळे त्यांनी थोडक्यात सांगितले.

मोतीबाईंनी खोलगट बशीतून सूप आणले. त्यात वाल होते, दुधी होता, टोमॅटो, गाजर, पालेभाजी, आणि तुकडे करून टाकलेल्या चार शेवया. वरून लसणीचा वास.

बायजाबाईंनी चमचाभर घेऊन पाहिले. "ही तर आपली आमटी."

"त्यांची बी आमटीच," मोतीबाई म्हणाल्या. "तो मिशाळ म्हातारा फिटर होता ना, त्यानं शिकवली. त्याच्या देशाचं कडधान्य हितं मिळंना, तर आमी आपले वाल घातले. रोज मागायचा."

मग खुर्ची ओढून त्या बसल्या आणि वाल्मिकरावांकडे न बघता, टेबलावरचे पाण्याचे गोल डाग पुसत पुसत, त्यांनी सांगितले ते असे. ती इटलीची माणसे आधी ही बशीभर आमटी पीत. भुकेचा जोर तिथेच मोडे. मग शेवया खात, पण मुठीएवढ्या, टोमॅटोच्या रसात, चमचाभर तेलाच्या. लोणी नाही, पांढरा रस नाही. मग नदीचा मासा निखाऱ्यावर भाजलेला, वर लिंबू. काकडी, कांदा, पाला, त्यावर व्हिनेगर. शेवटी एखादे फळ. पाव टेबलावर असे, पण तो आमटीच्या बशीत शेवटचा थेंब पुसण्यापुरता. आणि ती माणसे दुपारी शिडीवर चढायची.

"मग हे लोणी कुठनं आलं?" बायजाबाईंनी विचारले.

"गिऱ्हाइकानं आणलं. आमी हॉटेल काढलं तवा हेच ठेवलं होतं. लोक म्हणायचे, हे दवाखान्यातलं खानं, ह्याला का पैसे देऊ? आमच्या यांनी लोणी घातलं, माणसं वाढली. चीज घातलं, ती माणसं आणखी माणसं घेऊन आली. हितं येतो त्याला प्लेट जड पायजे वयनी. जड आली म्हंजे मान मिळाला." मग त्या वाल्मिकरावांकडे वळल्या. "साहेब, तुमचा पट्टा मी लई दिवस बघतेय. तुमी तो ढिला करता ते बी बघतेय. बोलायला पायजे होतं. नाय बोलले. गिऱ्हाइकाला कोन बोलतो? ते माझ्या पदरात."

वाल्मिकराव म्हणाले, की माझ्या एकट्याचे असते तर आजच सोडले असते. पण पाहुण्यासमोर बसायचे आणि आपण आमटी प्यायची, हे कसे जमणार? यजमानाने कमी खाल्ले तर पाहुणा संकोचतो, हात आखडता घेतो. त्याला वाटते याच्या मनातून वाढायचे नाही. पाहुण्याला पोटभर खाऊ घालायचे तर आपल्याला खावेच लागते. हे आपल्या लोकांत लहान पोराला कळते.

"पाहुना तुमचं ऑपरेशन करायला येनार हाय का?" मोतीबाईंनी विचारले. "आन् एक सांगा. तुमी त्याला कदी इचारलंत, बाबा रं, तुला काय पायजे?"

त्यांनी कधी विचारले नव्हते.

"डॉक्टरनं भात बंद केला, तो भाताशी भांडण हाय म्हनून नाय," मोतीबाई म्हणाल्या. "ह्या शेवया काय हवेच्या नायत. पीठच ते. आन् वर हे लोणी, हे चीज. घरी एक मूद भात खाऊन तुमी गप बसला असता. हितं तुमी त्याच्या कितीतरी पट खाऊन उपाशी म्हनून घरी जाता."

त्या दिवशी कस्टर्ड परत गेले. वाल्मिकरावांनी उठताना पट्टा घट्ट केला. तो घट्ट करताना दुखले.

पण मनाला पटणे वेगळे आणि चारचौघांत करणे वेगळे. चारच दिवसांनी मुंबईचे ताम्हाणे साहेब यायचे होते. कारखान्याचा माल तपासून पास करायचा तो त्यांनी. मॅनेजरांनी नेहमीप्रमाणे बोलावून सांगितले, की घरत, साहेबांना नीट जेवू घाला. गेली काही वर्षे वाल्मिकराव आणि ताम्हाणे त्याच टेबलाशी समोरासमोर बसून ती जड प्लेट संपवत आले होते. दोघांची पोटे जणू जोडीने वाढली होती. आज आपण ताटावरून हात मागे घेतला आणि साहेबांना तो अपमान वाटला, तर? माल अडकला, तर? वाल्मिकरावांना रात्री झोप लागली नाही. एकीकडे नोकरी होती, दुसरीकडे जांघेतले ते भोक, ज्यात आतडे अडकू शकत होते. त्यांच्यासारख्या भिडस्त माणसाला दुसरे भय दूरचे वाटत होते आणि पहिले जवळचे. आपण सगळेच थोडेफार असे असतो.

ताम्हाणे आले. तपासणी झाली. दोघे शिळफाट्याला गेले. नागू लसणीचा पाव घेऊन आला आणि तेवढ्यात वाल्मिकरावांनी घाईघाईने, जणू थांबले तर बोलणेच होणार नाही अशा भीतीने, सांगून टाकले:

"नागू, मला आज मोतीबाईंची आमटी आण. आणि भाजलेला मासा. साहेबांना नेहमीचं."

ताम्हाण्यांनी हातातला पावाचा तुकडा परत ठेवला.

"घरत, माझं काही चुकलं का?"

वाल्मिकरावांनी ज्याची धास्ती घेतली होती तेच झाले होते. मग त्यांनी कसेबसे सांगितले. हर्निया सांगितला, पट्टा सांगितला. नळीतला तांबडा रंगसुद्धा सांगितला, जो कोणी यजमान जेवणाच्या टेबलावर सांगणार नाही. सांगताना त्यांचे कान तापले. शेवटी म्हणाले, की साहेब, आपल्याला साथ द्यायला मी खात होतो, आता माझ्याने होत नाही. आपण कृपा करून राग मानू नका.

ताम्हाण्यांनी पावाची बशी थोडी दूर सारली.

"माझी बायको म्हणते, तुम्ही खोपोलीला जाऊन आलात की दोन रात्री उशाला टेकून बसून काढता," ते म्हणाले. "छातीत जळतं. झोपता येत नाही. ती म्हणते, खाता कशाला एवढं? मी म्हणतो, अगं, तो घरत इतक्या प्रेमानं खायला घालतो, स्वतः प्लेट पुसून खातो, त्याच्यासमोर नको कसं म्हणू?"

"म्हणजे आपण माझ्यासाठी खात होता?"

"आणि तुम्ही माझ्यासाठी."

दोघांपैकी कोणी हसले नाही. मला वाटते, हसण्याइतकी उमेद दोघांतही नव्हती. इतक्या वर्षांच्या दुपारी, ती लोण्याची प्लेट दोन माणसांनी न आवडता, न मानवता, एकमेकांना बरे वाटावे म्हणून संपवली होती! आणि त्या टेबलावर तिसरे कोणी नव्हते, की ज्याच्यासाठी ते चालले होते असे म्हणता आले असते.

"नागू," ताम्हाणे म्हणाले, "हा पाव घेऊन जा. मलाही आमटी आण. शेवया एकच प्लेट, टोमॅटोतल्या. दोघांत."

गल्ल्यावरून मोतीबाई बघत होत्या. त्यांनी ती प्लेट स्वतः आणली आणि मध्ये ठेवली. नेहमीच्या निम्म्याहून कमी होती. दोघांनी ती संपवली आणि दोघेही त्या दिवशी टेबलावरून न कण्हता उठले.

सगळेच पाहुणे ताम्हाण्यांसारखे निघाले असे मी लिहिले, तर ते खोटे होईल. एक व्यापारी तोंडावर म्हणाला, की कारखान्याची स्थिती बेताची दिसते. मॅनेजरांनाही काही दिवस रुचले नाही. वाल्मिकराव स्वतः एकदा भाच्याच्या साखरपुड्यात घसरले आणि दुसऱ्या दिवशी खजील होऊन बायजाबाईंना सांगून मोकळे झाले. पण ते आता पाहुण्याला आधी विचारू लागले, की आपल्याला जड हवे की हलके. विचारल्यावर निम्मी माणसे सुटल्यासारखी 'हलके' म्हणाली. मोतीबाईंनी पुठ्ठ्यावर सगळ्यांत खाली असलेली आमटी सगळ्यांत वर लिहून घेतली आणि शेवयांच्या ओळीत 'अर्धी प्लेट' असे दोन शब्द वाढवले. ज्याला लोणी हवे त्याला ते अजूनही मिळे. फक्त मागावे लागे.

कर्जतच्या नळीतले पाणी एकदा पिवळे झाले, मग हिरवे. शिमगा झाल्यावर टिपणिसांनी ऑपरेशन केले. जखम वेळेवर भरली. कामावर जाऊ लागल्यावर एका सकाळी वाल्मिकराव पुन्हा दाखवायला गेले, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना शेवयांची हकिगत सांगितली. डॉक्टर ऐकत राहिले. मग म्हणाले, "माझंही चुकलं. भात बंद म्हटलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. उष्मांक भातातच असतात असं नाही, प्रत्येक घासात असतात, हे सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. दुपारचं विचारलं, पण उत्तर नीट ऐकलं नाही." आणि जाताना त्यांनी रात्रीच्या जेवणात एक वाटी भाताची परवानगी दिली.

वाचकहो, आपल्याकडे हॉटेलात जाणे आता नवे राहिलेले नाही. तऱ्हेतऱ्हेचे देशोदेशीचे पदार्थ हमरस्त्यावर मिळू लागले आहेत, आणि पुढे आणखी मिळतील. ते खाऊ नयेत असे मी म्हणणार नाही. मला तो अधिकारही नाही. एवढेच सुचवावेसे वाटते, की परक्या देशाचा पदार्थ आपल्या जेवणाच्या व्याख्येत बसत नाही म्हणून तो पोटात जात नाही असे होत नसते. पुठ्ठा वाचताना पांढरा रस कुठला, लाल कुठला, तळलेले काय, भाजलेले काय, हे विचारण्यात कमीपणा नाही. आधी आमटी घ्यावी, जड प्लेट वाटून घ्यावी, लोणी मागितल्याशिवाय येऊ देऊ नये. आणि पाहुण्याला आग्रह करण्याआधी त्याला एकदा विचारावे. आपण ज्याला प्रेम म्हणतो त्याने कुणाचा तरी पट्टा सैल होत असतो. नाही म्हणणाऱ्या माणसाला राग न मानता नाही म्हणू देणे, हेही आतिथ्यच आहे. माझे चुकत असेल तर वाचकांनी क्षमा करावी. पण मला तसे वाटते खरे.

ज्या दिवशी भाताची परवानगी मिळाली, त्या संध्याकाळी बायजाबाईंनी मधले दार सताड उघडे ठेवले. वास ओट्यापर्यंत, तिथून वाटेपर्यंत गेला. पोरे भोवती बसली. वाटीत मूद पाडून त्यांनी ती वाल्मिकरावांच्या ताटात उपडी केली आणि ते काय करतात ते बघत राहिल्या.

वाल्मिकरावांनी मुदीकडे बराच वेळ पाहिले. मग बोटांनी तिचे दोन भाग केले आणि एक भाग बायजाबाईंच्या ताटात सरकवला.

बायजाबाई घाबरल्या. "का वो? दुखतंय का?"

"नाही गं," वाल्मिकराव म्हणाले. "दुपारी पाहुण्यांबरोबर अर्धी प्लेट शेवया खाल्ल्यात. मी जेवलोय दुपारी."